चित्र खालच्या थरातच ठरते

मिश्र माध्यमातले चित्र कसे करावे, याची हल्ली एक ठरावीक कृती सांगितली जाते. तयार कॅनव्हास आणायचा, त्यावर चित्र रंगवायचे आणि ते सपाट वाटू लागले की वरून काहीतरी चिकटवायचे. दोरा, जाळीचे कापड, वाळू, सोनेरी वर्ख, नाहीतर टेक्स्चर पेस्टचा एखादा जाड फराटा. पोत म्हणजे सगळे झाल्यावर चढवायचा दागिना, अशी समजूत या कृतीच्या मुळाशी आहे. अशी चित्रे टांगली की काही दिवस उठून दिसतात. मग एक-दोन पावसाळ्यांत वाळू झडू लागते, पेस्टला तडे जातात, कापडाची कड सुटते. ती फार काळ मनातही राहत नाहीत. न टिकणे आणि मनात न राहणे या दोन्हींचे कारण एकच आहे असे माझे मत आहे. त्या चित्रांतला पोत वरून आणलेला असतो, खालून वर आलेला नसतो. थरांच्या चित्राचा निकाल सगळ्यात खालच्या थरात लागतो आणि वरचे रंग तो निकाल फक्त दिसू देतात. हे समजून घ्यायला सातपुड्यातले धडगाव मला फार उपयोगाचे वाटते. तिथल्या घरांच्या भिंती आणि होळीची रंगभूषा या दोन्ही गोष्टी थर कसा चढवावा हे उत्तम दाखवतात.

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचे मुख्य गाव. जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. तोरणमाळ याच तालुक्यात, दिवाळीत ज्याच्या माथ्यावर यात्रा जाते तो अस्तंब्याचा डोंगरही इथलाच आणि उत्तरेची हद्द नर्मदेची. वस्ती मुख्यतः पावरा आणि भिल्ल समाजाची. पाड्यांवरची जुन्या पद्धतीची घरे लाकडी खांबांवर उभी असतात आणि भिंतीच्या जागी बांबूच्या चिरफळ्यांचा कूड असतो. पुष्कळ घरे आता विटा-सिमेंटची झाली आहेत आणि तशी व्हावीत यात गैर काही नाही. पण कूड लिंपण्याचे ज्ञान अजून हातांत आहे. मिश्र माध्यमाचा कॅनव्हास करू पाहणाऱ्याला हे ज्ञान कोणत्याही महागड्या सामानापेक्षा अधिक शिकवते.

लिंपलेला कूड जवळून पाहावा. बांबूच्या चिरफळ्या उभ्या-आडव्या विणलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये फटी ठेवलेल्या असतात. या फटींत गारा घुसतो, पलीकडे किंचित फुगतो आणि वाळला की आतल्या आत अडकून बसतो. पहिला गारा जाडसर असतो. मातीत कोंडा, गवताचे तुकडे, भुसा मिसळून, पाणी घालून तो पायाने तुडवतात. नुसती माती वाळताना आकसते आणि भेगाळते. काडी-कोंडा असला की ताण त्या धाग्यांवर वाटला जातो आणि एका मोठ्या भेगेऐवजी बारीक बारीक केसभर रेषा उमटतात. हा थर पुरता वाळल्यावर दुसरा, बारीक चाळलेल्या मातीचा आणि शेणाचा. शेणात न पचलेले तंतू असतात, ते इथे लहान प्रमाणावर तेच काम करतात. सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा किंवा शेणाच्या पातळ काल्याचा हात फिरतो. तो फिरवणाऱ्या बाईचा पंजा जितका पोचतो तितकी एक कमान भिंतीवर उठते, तिच्या शेजारी दुसरी, आणि सकाळचे उन्ह तिरपे पडले की अख्ख्या भिंतीवर त्या कमानी दिसू लागतात. त्या भिंतीवर अजून कोणी रंगाचा ठिपकाही दिलेला नसतो, तरी पाहण्यासारखे पुष्कळ काही तयार झालेले असते. जाड थर खाली आणि बारीक वर, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबणे, प्रत्येक थरात तंतू, आणि शेवटच्या हातात हाताची खूण. थरांच्या चित्राचे व्याकरण जवळजवळ एवढेच आहे.

हे केवळ घरबांधणीचे ज्ञान आहे, त्याचा चित्रकलेशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्या सगळ्यात थोर चित्रांपाशी सापडते. अजिंठ्याची भित्तिचित्रे ज्यावर आहेत तो पृष्ठभाग दगडाचा नाही, मातीचा आहे. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या बेसाल्टवर आधी भरड मातीचा गिलावा चढवला गेला, त्यात भाताचे तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळलेले होते. त्यावर अधिक बारीक मातीचा थर, त्यावर चुन्याचा अगदी पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे खडबडीत आधार, भरड थर, बारीक थर, पांढरा हात आणि मग चित्र. हा क्रम कुडाच्या भिंतीचाच आहे, फक्त हेतू आणि प्रतिभा वेगळी. त्या गिलाव्याचे काय झाले हेही बोलके आहे. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळल्याचे संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. अजिंठ्यात तसा तंतू नाही आणि तिथल्या चित्रांचे किडीने मोठे नुकसान केले, उलट वेरूळच्या गिलाव्याला किडीचा उपद्रव कमी झाला, असे त्या संशोधकांचे म्हणणे होते. दोन्हीकडचे चित्रकार समर्थ होते. किती चित्र उरले याच्यावर मात्र गाऱ्यात कोणता पाला-तंतू तुडवला गेला याचाही परिणाम झाला.

वरच्या थराची गोष्टही अजिंठ्यातच शिकायला मिळते. 1920 ते 1922 या काळात निजामाच्या सरकारने चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटू लागलेले पोपडे बसवले, हे मोठेच काम झाले. पण चित्रांवर लाखेचे रोगण चढवले गेले आणि ते काळाच्या ओघात पिवळे-तपकिरी पडले. नंतरच्या जतनकारांना ते काढण्यासाठी बरीच वर्षे खर्ची घालावी लागली. चकाकी यावी म्हणून आपल्या कॅनव्हासवर हाताशी येईल ते वॉर्निश फासणाऱ्याने हा इतिहास ध्यानात ठेवावा. शेवटचा थर असा असावा की तो पुढेमागे काढता येईल आणि खालच्या रंगाला धक्का लागणार नाही. चांगल्या प्रतीची चित्रांसाठीची वॉर्निशे याच तत्त्वावर बनवलेली असतात.

आता नर्मदा ओलांडू. पलीकडे छोटा उदेपूर आणि आलिराजपूरच्या पट्ट्यात राठवा आणि भिलाला समाजांत पिठोरा लिहिला जातो. नवस फेडण्यासाठी घराच्या मुख्य भिंतीवर पिठोरा देवाची घोड्यांची मिरवणूक उतरवतात. चित्र काढणाऱ्याला लखारा म्हणतात आणि ते बरोबर झाले की नाही हे बडवा ठरवतो. घोड्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे भिंतीबद्दल बोलायचे आहे. घोडे येण्याआधी भिंत शेण-मातीने लिंपली जाते, तिच्यावर पांढऱ्या मातीचे हात दिले जातात, आणि हे लिंपण विधीचाच भाग असते. ते काम घरच्या मुली करतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवण्याची रीत आहे. दूध देवाला चढते, मोह देवाला चढतो, हे खरेच, पण दुधातले केसीन हे जुने आणि भक्कम बंधक आहे. ते रंगाचे कण एकमेकांना आणि भिंतीला धरून ठेवते. इथे श्रद्धा आणि रसायन यांची फारकत झालेली नाही. भिंत जर निव्वळ पार्श्वभूमी असती तर तिला विधीत जागा मिळाली नसती. या परंपरेतले चित्रकार परेश राठवा यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून घोडे छापून आले. लिंपणाऱ्या मुलींचे हात त्या छायाचित्रांत दिसत नाहीत, पण घोडे त्यांच्याच थरावर उभे असतात.

धडगाव-मोलगी-काठी पट्ट्यातली होळी हे याच विचाराचे दुसरे रूप आहे, आणि तिथे कॅनव्हास माणसाचे अंग असते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी सर्वांत प्रसिद्ध, पण बुध्या आणि बावा धडगाव भागातल्या होळ्यांतही येतात. हे नवस बोललेले पुरुष काही दिवस व्रताचे नियम पाळतात. मग उघड्या अंगावर राखेचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात देऊन त्यावर ठिपके आणि पट्टे काढले जातात. कमरेला घुंगरांचा पट्टा, सुकवलेल्या दुधी भोपळ्यांच्या माळा, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा आणि मोरपिसांचा उंच टोप. राख, पीस, कामटी, धातू, भोपळ्याचे कवच अशी पाच-सहा परस्परविरुद्ध द्रव्ये एका देहावर एकत्र येतात आणि कुठेही गोंधळ वाटत नाही. कारण क्रम पक्का आहे. आधी राखेचा मंद, चकाकी नसलेला थर सगळ्या अंगाला एकाच रंगात आणतो. त्या मंदपणामुळे ठिपका उठतो, धातू चमकतो, मोरपिसातला निळा-हिरवा बोलतो. राखेचा थर काढून टाका आणि तेच सामान तसेच चढवा, म्हणजे नुसती सजावट उरेल. मिश्र माध्यमात वेगवेगळी द्रव्ये एकत्र नांदवायची असतील तर त्यांच्याखाली सगळ्यांना सामावून घेणारा एक शांत थर लागतो. कलाशाळेत वर्षभर शिकवूनही जे सहजी कळत नाही ते इथे होळीच्या रात्री हजारो माणसे पाहतात.

हे सगळे कॅनव्हासवर कसे आणायचे? सर्वांत आधी आधार निवडावा. जाड थर चढवायचे असतील तर ताणलेला मऊ कॅनव्हास धोक्याचा, कारण पावसाळ्यात तो सैल पडतो, उन्हाळ्यात ताणतो, आणि वरचा कडक थर त्याच्याबरोबर हलू शकत नाही. सातपुड्यात चार महिने धो धो पाऊस आणि मग कोरडा उन्हाळा, तेव्हा हा फरक तिथे अधिकच. म्हणून कॅनव्हास किंवा तरट प्लायवुडच्या फळीवर चिकटवून घ्यावे. फळीच्या पाठीलाही एक हात द्यावा, नाहीतर ती एका बाजूला वाकते. मग पहिला थर: खडूची पूड अॅक्रिलिक बंधकात कालवून केलेले अस्तर, ज्याला चित्रकार जेसो म्हणतात. जुन्या पद्धतीत सरस वापरत, पण सरसाचे अस्तर ठिसूळ असते, ते लाकडी फळीवर चालते, ताणलेल्या कापडावर तडकते. पोस्टर चिकटवायचा साधा पांढरा डिंकही पुष्कळजण वापरतात. तो वाळल्यावरही ओलाव्याने पुन्हा नरम होतो, त्यामुळे दमट हवेत त्यावर भिस्त ठेवू नये. या अस्तराचे पातळ हात द्यावेत, एक हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, जसा कूड विणलेला असतो.

पोत आता, रंगाच्या आधी. भरड थरात चाळलेली वाळू किंवा संगमरवराची पूड, लाकडाचा भुसा, तागाचे बारीक कातरलेले तंतू बंधकात कालवून पसरावेत. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड पसरू नये. जाड थराची वरची साय आधी वाळते, आतला ओला भाग नंतर आकसतो आणि भेग पडते. जाडी हवीच असेल तर ती अनेक थरांनी चढवावी. मलमलीची चिंधी किंवा जुने पातळ कापड बंधकात भिजवून अंथरले तर ते तंतूंचे काम करते आणि त्याच्या सुरकुत्या चित्राच्या रेषा होतात. वर्तमानपत्राचा कागद मात्र उघडा ठेवू नये. त्यातल्या लिग्निनमुळे तो काही काळात पिवळा पडतो आणि चुरा होतो. मग हाताचा पंजा, खराटा, तुटका कंगवा, बांबूची कामटी जे असेल त्याने ओल्या थरात खूण उमटवावी. वाळल्यावर फळी तिरप्या उजेडात धरून पाहावी. रंग नसतानाच ती पाहावीशी वाटली पाहिजे. वाटली नाही, तर रंगाने ती सुधारणार नाही. पॉलिश पेपरने घासून पुन्हा सुरुवात करावी.

रंगांत माती हा सगळ्यात भरवशाचा रंग. गेरू, काव, पेवडी हे लोखंडाच्या संयुगांचे रंग उन्हाने उडत नाहीत. अजिंठ्यात ते पंधराशे वर्षांनंतरही शाबूत आहेत. सातपुड्याच्या बेसाल्टी मातीत तांबड्या-पिवळ्या छटा मिळतात. मात्र मिळाली ती माती तशीच वापरू नये. ती कुटून पाण्यात ढवळावी, क्षणभर थांबावे, जड खडे तळाशी बसले की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे, असे दोन-तीनदा करून उरलेला गाळ सुकवावा. हाच बारीक रंग. काळी माती टाळावी, ती पाण्याने फुगते आणि वाळताना फार आकसते. शेत उन्हाळ्यात जसे तडकते तसाच थर तडकेल. पळसाच्या फुलाचा किंवा हळदीचा रंग मोहक असतो, पण उजेडात काही महिन्यांतच फिका पडतो. मुलांच्या सरावाला तो चालेल, टिकाऊ कामाला नाही. बंधक पुरेसा आहे का हे पाहण्यासाठी वाळलेला थर ओल्या फडक्याने चोळावा. फडक्याला रंग आला तर बंधक कमी पडला. अॅक्रिलिकवर तैलरंग देता येतो, तैलरंगावर अॅक्रिलिक देऊ नये, कारण तेल महिनोन्महिने वाळत राहते आणि वरचा थर धरत नाही. शेवटी पातळ, पारदर्शक रंगाचे हात द्यावेत आणि ओल्या फडक्याने पुसावेत. उंचवट्यावरचा रंग निघतो, खळगीतला राहतो आणि खाली केलेली प्रत्येक खूण वर येते. या टप्प्यावर चित्रकाराच्या लक्षात येते की रंगाने आतापर्यंत फारसे काही केलेले नाही. खालच्या थराने जे साठवून ठेवले ते रंगाने फक्त उघड केले.

आधुनिक चित्रकलेत वेगवेगळी द्रव्ये कॅनव्हासवर आली ती साधारण 1912 मध्ये, पिकासो आणि ब्राक यांनी कागद-कापड चिकटवले तेव्हा. पुढे स्पेनच्या तापिएस यांनी वाळू आणि संगमरवराची पूड वापरून भिंतीसारखी चित्रे केली, इटलीच्या बुर्री यांनी तरटाची पोती शिवून चित्रे केली. आपल्याकडे या वाटेने सगळ्यांत दूर गेलेले नाव वासुदेव गायतोंडे यांचे. 1924 मध्ये नागपुरात जन्म, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून ते रंगाचे थर चढवत आणि काढत, फाटक्या वर्तमानपत्रांनी ओला रंग उचलून घेत. वर्षाला मोजकीच चित्रे करत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात 2014 साली त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. त्यांच्या कॅनव्हासवर चिकटवलेले काही नाही, तरी पोत इतका खोल की नजर आत आत जात राहते. वरून काही न लावता पोत साधता येतो याचा यापेक्षा मोठा पुरावा मराठी माणसाला शोधायला नको.

या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा की भिंत दर वर्षी पुन्हा लिंपली जाते, बुध्याचा रंगही नंतर धुतला जातो. नश्वरता तिथे गृहीत आहे. कॅनव्हास मात्र टिकायला हवा, तेव्हा ही उदाहरणे गैरलागू. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. शेण आणि दूध थेट कॅनव्हासवर आणू नयेत. बुरशी धरेल, कीड लागेल. पण मी सामान उचलायला सांगत नाही, क्रम आणि कारण उचलायला सांगतो. शेणातल्या तंतूचे काम तागाचा तंतू करतो, दुधाचे काम अॅक्रिलिक बंधक करतो. अजिंठ्याचा गिलावा मातीचाच होता आणि तो टिकला. दर वर्षी लिंपण्यात आणखी एक शहाणपण आहे. दुरुस्ती हा चित्राच्या आयुष्याचा भाग आहे, अपयश नव्हे. थरांच्या चित्राची पाठ, कडा आणि भेगा दर पावसाळ्यानंतर तपासणारा चित्रकार आपल्या कामाला अधिक वर्षे देतो.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. आदिवासींच्या परंपरेतून शहरी चित्रकाराने कल्पना उचलायच्या आणि प्रदर्शनात आपल्या नावाने लावायच्या, हे शोषणच नव्हे का? बुध्याचे ठिपके नवसाचे आहेत, पिठोऱ्याचे घोडे देवाचे आहेत. ते नक्कल करून कॅनव्हासवर उतरवणे अनुचित आहे, यात मला शंका नाही. पण गारा कसा तुडवावा, थर कसा वाळू द्यावा हे ज्ञान आहे. ते शिकताना ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव घ्यावे, मोबदला द्यावा आणि प्रतिमा मात्र आपल्या आणाव्यात. याहून महत्त्वाचे म्हणजे हे चित्र धडगावच्या मुलामुलींनीच का करू नये? झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या भूरीबाई भोपाळच्या भारत भवनात मजुरीला आल्या होत्या. जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे डहाणू भागातले जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये ती मिळाली. दोघांच्याही बाबतीत भिंतीवरचे ज्ञान कागदावर आले ते त्यांच्याच हातांनी. नंदुरबारच्या सातपुड्याचे असे नाव देशाला अजून माहीत नाही. ते व्हायला हरकत कशाची आहे?

तिसरा आक्षेप शुद्धतेचा. अॅक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिक, बाजारातले निळे-गुलाबी रंग म्हणजे परंपरेचा ऱ्हास, असे काही जण म्हणतात. पिठोरा लिहिणारेही आज तयार रंग सर्रास वापरतात आणि पाहणाऱ्यांना ते खटकते. मला खटकत नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गावची माती वापरली आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्दही वापरला. स्थानिक माती आणि दूरचा निळा एकाच भिंतीवर आले आणि कोणाला ते अशुद्ध वाटले नाही. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारात जी झगझगीत रिबने, मणी, फुगे मिळतात त्यांच्यावर धडगावच्या तरुणांचा तितकाच हक्क आहे जितका गेरूवर. प्रश्न रंग कुठून आला हा नाही. तो कशावर बसवला आहे, हा आहे. चांगल्या अस्तरावरचा झगझगीत गुलाबीही टिकतो आणि शोभतो. वाईट अस्तरावर गेरूसुद्धा झडतो.

आता एक मागणी. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुले मोठ्या संख्येने बसतात, त्यांचा फायदा दहावीच्या गुणांतही होतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे विषय चांगले आहेत, पण ते सगळे गुळगुळीत कागदावर आणि सपाट रंगात. पृष्ठभाग आधी तयार करायचा असतो, हे शाळकरी मुलाला त्यात कुठे कळतच नाही. अक्राणी तालुक्यातल्या आश्रमशाळांत ज्या मुली घरी भिंत लिंपतात त्यांना चित्रकलेच्या तासाला आपल्याला काही येत नाही असे वाटत असेल, तर ती चूक आपल्या अभ्यासक्रमाची आहे. त्यांच्या हातात या विषयाचा पहिला आणि सर्वांत अवघड धडा आधीच आहे. म्हणून तिथल्या कलाशिक्षकांना विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर, हवा कोरडी झाली की, चार मुलांमागे एक प्लायवुडचा तुकडा, थोडी खडूपूड, तागाचे सुतळीतोडे आणि अॅक्रिलिक बंधकाचा एक डबा घ्या. लिंपण ज्यांना येते त्या मुलींना त्या दिवशी गुरू करा. पहिले दोन तास रंगाची बाटली कोणी उघडू नये. फळी वाळू द्या, दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या दारात तिरप्या उन्हात उभी करा, आणि मुलांना तिच्यात काय दिसते ते सांगू द्या. रंग त्यानंतर.